राहेलबाईंच्या देवाचा स्वभाव

राहेलबाईंच्या शेजारी राहायला गेले तेव्हा सुरुवातीचे काही दिवस मी त्यांच्या नवऱ्याची वाट पाहत होते.

आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये कुडाची भिंत होती. शेणामातीनं लिंपलेली, पण पलीकडची शिंकसुद्धा अलीकडे ऐकू येई. त्या भिंतीतून मी ऐकायची, "नाही हो, तो राग धरून बसणारा नाही. मी ओळखते ना त्याला." दुसऱ्या दिवशी, "त्याचा हात मोकळा आहे, मापून देणं त्याला जमतच नाही." एकदा कुणा रडणाऱ्या बाईला त्या सांगत होत्या, "त्याचा स्वभाव तसा नाही गं. घराबाहेर काढणाऱ्यातला तो नाही." मी मनात म्हणे, काय नशीब आहे बाईंचं! गावातल्या बायका विहिरीवर आपापल्या नवऱ्यांचे स्वभाव सांगत, ते ऐकून लग्नाची इच्छाच मरावी. आणि इथे हा कोण देवमाणूस? शेवटी न राहवून मी विचारलं, "तुमचे मालक कधी यायचे आहेत गावाहून?"

राहेलबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "माझे मालक जाऊन बारा वर्षं झाली, कुमुद."

"मग ते... राग न धरणारे?"

त्या इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. "अगं, तो देव!"

तिथून माझा छळ सुरू झाला.

गाव आमगावपासून पाच-सहा मैलांवर. आता तो भाग गोंदिया जिल्ह्यात येतो, तेव्हा भंडाऱ्यात होता. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि गावात मुलींचे वर्ग नव्यानं सुरू झाले होते. मी नागपूरहून आलेली बावीस वर्षांची मास्तरीण, आणि राहेलबाई पंचेचाळिशीच्या. त्यांच्याकडे पहिलीचा वर्ग, माझ्याकडे तिसरी-चौथी. दौलत पाटलांच्या घराच्या मागल्या अंगाला आम्हा दोघींना एकेक खोली मिळाली होती, पुढे एकच पडवी, आणि त्या पडवीत माझी सहा वर्षं गेली.

माझ्या माहेरी देवघर होतं, उपासतापास होते. देवाला काय चालतं, काय चालत नाही, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पण देवाचा स्वभाव कसा आहे, असं कधी कुणी विचारलं नव्हतं. राहेलबाईंचं सगळं तिथूनच सुरू व्हायचं. एखादी गोष्ट करावी की नाही, याचा निवाडा त्या नियमानं करत नसत. "तो कसा आहे" एवढंच बघत, आणि मग तसं वागायला जात. बरं, त्यांनी स्वतःपुरतं वागावं! पण एका पडवीत दोन चुली असल्या की एकीचा देव दुसरीच्या दुधातही हात घालतो.

उदाहरणार्थ, तो मापून देत नाही. म्हणून आमच्या दारात कुणी आलं की राहेलबाई आधी आपलं ताक संपवत आणि मग माझं. संध्याकाळी मी जेवायला बसले की ताकाचं भांडं रिकामं. "अगं, फार दूरवरून आली होती बिचारी." मी म्हणे, "राहेलबाई, मोकळा हात देवाचा आहे, गाय पाटलांची आहे, आणि ताक माझं होतं." त्या मान हलवत, खरंच वाईट वाटून घेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उदाहरणार्थ, तो प्रत्येकाला नावानं हाक मारतो. आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाव कचरू ठेवायचे, फेकन ठेवायचे, म्हणजे कुणाची नजर नको. पहिलीत अशी एक पोर होती, कचराबाई. राहेलबाई तिच्या आईला म्हणाल्या, "मनातल्या मनात तू हिला काय म्हणतेस?" ती बाई घाबरली, मग कानात म्हणाली, "चंद्रकला." दुसऱ्या दिवसापासून वर्गात चंद्रकला. आजी काठी घेऊन शाळेत आली. "पोरीले मारता काय बाई? नाव कायले बदललं?" तिला समजावत बसावं लागलं मला, कारण राहेलबाई तेव्हा चंद्रकलेला तिच्या नावातला 'द्र' काढायला शिकवत होत्या.

आणि तो खोटं बोलत नाही. या एका गुणाची किंमत मीच चुकवली.

मला बघायला भंडाऱ्याहून मंडळी आली होती. मामांनी जमवून आणलेलं स्थळ, मुलगा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. मुलाची आई चतुर. पोहे खाऊन झाल्यावर ती सहज म्हणून पडवीत गेली आणि राहेलबाईंना विचारलं, "तुम्ही शेजारी राहता. मुलीचा स्वभाव कसा आहे?"

राहेलबाई म्हणाल्या, "चिडकी आहे. पण मनात काही ठेवत नाही."

स्थळ भंडाऱ्याला परत गेलं ते गेलंच.

मी त्या दिवशी जे काही बोलले ते पाटलांच्या गोठ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. राहेलबाई खाली मान घालून ऐकत होत्या. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "विचारलं म्हणून सांगितलं गं. मी वाटेवर जाऊन सांगायला गेले नव्हते."

"गोड आहे म्हणता आलं नसतं?"

"तू गोड नाहीस, कुमुद. तू चांगली आहेस." एवढं बोलून त्या माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. साखर माझ्याच डब्यातली.

पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना बातमी अक्षता पडल्यावरच कळवली.

त्या स्वतः काही गुणाची पुतळी नव्हत्या. डाळ हमखास करपवत. पहाटे गीतं म्हणत, आणि त्यांच्या आवाजात सूर नावाला नसे. खोलीत पसारा असा, की एकदा हरवलेली वहाण त्यांना धान्याच्या मडक्यात सापडली. हट्टी तर इतक्या, की शाळेच्या वाटेवर चिखल आहे म्हणून मी दुसरी वाट सुचवली, तर रोज चिखलातूनच गेल्या, कारण त्या वाटेवर एक म्हातारी बसायची आणि तिच्याशी बोलायचं असे. धर्म शिकवायला म्हणून त्या कधी कुणाच्या दारी गेल्या नाहीत. रविवारी आमगावला चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं जमत, तिथवर चालत जात आणि चालत येत. बाकी दिवस आम्ही त्यांच्या वाट्याला.

एकदाच त्यांना गप्प झालेलं पाहिलं. त्यांच्या वर्गातली एक पोर तापानं गेली. विहिरीवर बायका म्हणत होत्या, हिच्या आईनं काही तरी चुकवलं असेल, देवीचा कोप झाला. राहेलबाईंनी बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तो तसा नाही." आवाज चढलेला. बायका चपापल्या. घरी आल्यावर मात्र भिंतीला पाठ लावून बसून राहिल्या. मी जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, "तो तसा नाही, हे मला ठाऊक आहे, कुमुद. पण मग कसा आहे, ते आज काही केल्या दिसत नाही." दुसऱ्या पहाटे गीत नाही. तिसऱ्याही नाही. मला ती शांतता सोसवेना. चौथ्या दिवशी तो बेसूर आवाज भिंतीतून आला तेव्हा मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पण झोपेत नव्हते.

आता बुधाजीचं सांगायला हवं.

बुधाजी दौलत पाटलांचा चुलतभाऊ. दोघांची घरं पाठीला पाठ, मधे खळं, आणि खळ्याच्या कडेला बुधाजीची विहीर. उन्हाळ्यात पाटलांच्या विहिरीचं पाणी तळाला जाई, तेव्हा अख्खी आळी त्याच्या विहिरीवर. त्यानं राहेलबाईंना बजावलं होतं, "मिशनवाल्या बाईनं माह्या विहिरीले हात लावाचा नाही." म्हणून उन्हाळ्यात त्यांचं पाणी मी ओढायची. बुधाजी तसा साऱ्यांशीच वाकडा. पाटलांशी धानाच्या एका बांधीवरून, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यावरून, त्याचं वर्षानुवर्षं भांडण. बायको त्याला कंटाळून माहेरी गेलेली. कुत्रीसुद्धा त्याच्या दारातून वळसा घालून जात.

आणि राहेलबाई रोज सकाळी शाळेला जाताना त्याच्या दारासमोर थांबून म्हणत, "सलाम बुधाजी. पाठ कशी आहे?"

कधी काळी त्याची पाठ धरली होती, तेव्हापासूनचा हा प्रश्न. तो थुंकायचा, किंवा आत जायचा. एकदा म्हणाला, "मेलो नाही आजून."

"ऐकलंस? आज बोलला," राहेलबाई वाटेत मला म्हणाल्या, जणू काही त्यानं मिठाई वाटली.

"का करता हे? विहिरीला हात लावू देत नाही तुम्हाला."

"त्याच्या बांधीवर ऊन पडतं की नाही? पाऊस पडतो की नाही? देवानं वगळलं नाही त्याला, मग माझा एक सलाम वगळून काय मोठं होणार आहे?"

मी कपाळाला हात लावला. सहा वर्षांत मी एवढ्या वेळा कपाळाला हात लावला आहे की तिथे खळगा पडायला हवा होता.

चौथं वर्ष असेल. पौष चालू होता. कापणी होऊन पाटलांच्या धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे मोठाले ढीग, खळ्यात रचून ठेवलेले. अजून मळणी व्हायची होती. त्या दिवशी दुपारपासून वारा सुटला होता. उन्हं कलली, मी खोलीत वह्या तपासत होते, आणि कुणीतरी ओरडलं, "पुंजन्याले आग लागली!"

गाव धावलं. घागरी, बादल्या, ओली पोती, जे मिळेल ते. कडेचा पुंजणा गेलाच. दुसरा निम्मा वाचवला. दौलत पाटील राखेपुढे उभे होते, मिशा करपलेल्या, आणि म्हणत होते, "हे बुधाचंच काम हाय." आठच दिवसांपूर्वी भर बाजारात बुधाजी त्यांना म्हणाला होता, तुझ्या पुंजण्याला आग लागो. शंभर माणसांनी ऐकलं होतं. आमगावहून पोलीस जमादार यायला निघाल्याचा निरोप आला, आणि खरं सांगायचं तर गावाला बरं वाटलं. मलाही. जाऊ दे एकदाचा, विहीर तरी मोकळी होईल.

राहेलबाई मात्र पडवीत येऊन बसल्या त्या उठेनात. हातावर फोड आले होते, त्यांना तेलसुद्धा लावू देईनात.

"काय झालं?"

"सुगरता विस्तव घेऊन गेली होती," त्या म्हणाल्या.

सुगरता पाटलांच्या शेतात राबणारी. तिचं खोपटं खळ्याच्या पलीकडे. घरात काडेपेटी नसली की बायका शेजारच्या चुलीतला विस्तव खापरीत घालून नेत. सगळं गाव तसंच करे. त्या संध्याकाळी ती आमच्या पडवीत आली होती आणि राहेलबाईंनी आपल्या चुलीतले दोन निखारे तिला दिले होते, वरून राख घालून.

आम्ही बोलतोय तोच सुगरता स्वतःच आली. सातवा महिना होता तिला. ती उंबऱ्याशीच बसली. "बाई, वारा आला आन् इस्तो उडाला. मी पायानं इझवला हो! इझला असंच वाटलं मले. कोनाले सांगू नका बाई. पाटील हाकलून देईन आमाले. या पोटानं मी कुठी जाऊ?"

राहेलबाईंनी तिला पाणी दिलं. "घाबरू नकोस. तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही," म्हणाल्या. ती गेल्यावर मी हुश्श केलं. संपलं, म्हटलं.

"संपलं कुठे?" राहेलबाई म्हणाल्या. "बुधाजीला उद्या नेतील."

"नेऊ द्या."

"त्यानं लावली नाही."

"नसेल लावली. पण लावायची इच्छा होती ना? आणि तुम्हाला कुणी विचारलं आहे का? तुम्हीच म्हणता, विचारलं तर सांगावं. वाटेवर जाऊन सांगू नये."

"माणसाला धरून नेतायत. आता आणखी कुणी काय विचारायचं राहिलं?"

माझा तोल गेला. "आणि सुगरता? तिचं पोट? खरं सांगायला जाल आणि त्या बाईला रस्त्यावर आणाल! राहेलबाई, तुमचा देव काहीतरी एक असेल की नाही? खरा तरी असू दे, नाहीतर मायाळू तरी!"

त्यांनी आपल्या भाजलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तीच तर अडचण आहे गं. तो दोन्ही आहे. निम्मा घेता येत नाही."

"मग काय करणार?"

"ठाऊक नाही." आणि मला दिसलं, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्या घाबरलेल्या होत्या.

सकाळी पाटलांच्या अंगणात जमादार खाटेवर बसले. बुधाजीला आणून उभं केलं होतं. तो शिव्या देत होता, पण आवाजात जोर नव्हता. गाव भोवती. सुगरता शेणाची पाटी घेऊन भिंतीशी. राहेलबाई पुढे झाल्या.

"विस्तव माझ्या चुलीतला होता," त्या म्हणाल्या. "मी दिला. वारा असताना दिला. मला कळायला हवं होतं. तो उडून पुंजण्यावर पडला. बुधाजीचा यात काही संबंध नाही."

जमादारांनी विडी खाली ठेवली. "किसको दिया, बाई?"

"ते मी सांगणार नाही."

"मतलब, मालूम नहीं?"

"ठाऊक आहे. सांगणार नाही."

"अरे, ये कैसा जवाब हुआ? सच बोलने आई हो, तो पूरा बोलो."

"जेवढं माझं आहे तेवढं पूर्ण बोलले, साहेब. चूल माझी, हात माझा. पुढचं ज्याचं त्यानं बोलायचं."

मी भिंतीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर साऱ्यांनी पाहिलं असतं. पण खळ्याच्या पलीकडे खोपटी होतीच किती? पाटील काही दूधखुळे नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांना बुधाजी हवा होता. वर्षानुवर्षांची बांधी, सगळी भांडणं त्या एका सकाळी मिटणार होती, आणि त्यांच्याच घरात राहणाऱ्या बाईनं त्याला सोडवलं.

जमादारांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. पाटील राहेलबाईंना म्हणाले, "खोली खाली करा. आजच्या आज."

"करते, पाटील," त्या म्हणाल्या. "आणि मळणीला येत जाईन. तुमचं नुकसान मला भरता यायचं नाही, हात आहेत तेवढे देते."

पाटलांना वाटलं, ही नुसती बोलायची रीत. त्यांना राहेलबाई कुठे ठाऊक!

आणि बुधाजी? सुटलेल्या माणसानं काय करावं? निदान मान हलवावी. तो राहेलबाईंच्या समोर येऊन म्हणाला, "रातभर गप काऊन बसली? रातीच सांगतलं असतं तं माही अबरू गेली नसती."

मी तोंड उघडलं होतं. राहेलबाईंनी माझा दंड धरला. "बरोबर आहे तुमचं, बुधाजी," त्या म्हणाल्या. "मी भ्याले होते."

दुपारी आम्ही त्यांचं सामान पडवीत काढून ठेवत होतो. सामान म्हणजे एक ट्रंक, चार भांडी आणि पसारा. कुठे जायचं याचा पत्ता नव्हता. गावात कुणी खोली देईना. पाटलांचा रोष कोण ओढवून घेणार? तेवढ्यात खळ्याच्या कडेनं बुधाजी आला. आमच्याकडे न बघता, पाटलांच्या छपराकडे बघत म्हणाला, "माहा कोठा हाय. गाई बाहीर बांधीन. राहाचं असन तं राहा. भाडं घेईन."

आणि निघून गेला. भाडं ठरलं ते पाटलांच्या खोलीइतकंच! गुरांच्या कोठ्याला! मी संतापानं रडले. शेणाचा वास, गोचिडी, दाराच्या जागी बांबूची तट्टी. "तुम्ही याला वाचवलं, आणि हा तुम्हाला गाईच्या जागी ठेवून भाडं घेतो!"

राहेलबाई कोठ्याच्या मधोमध उभ्या राहून चहूकडे बघत होत्या. "आमच्या देवाची सुरुवातच कोठ्यात झाली, कुमुद," म्हणाल्या, आणि पदर खोचून सारवायला बसल्या. बादली घेऊन त्या विहिरीवर गेल्या तेव्हा बुधाजी दारातच उभा होता. त्यांनी दोर सोडला. तो बघत राहिला आणि मग आत गेला. विहिरीबद्दल त्यानं पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

त्या हंगामात दर सुट्टीला मास्तरीण खळ्यावर. पाटलांची माणसं हसत होती. पाटलांनी दोनदा सांगितलं, "बाई, जा घरी." त्या पेंढ्या वाहत राहिल्या. तिसऱ्या वेळी पाटलीणबाईंनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. मी घरी बसून त्यांच्या पहिलीच्या पाट्या तपासायची आणि चरफडायची.

सुगरतेला कुणी हाकललं नाही. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत एवढे हात पाटलांना मिळणार कुठून? ती बाळंत झाली तेव्हा राहेलबाई दोन वेळा पेज घेऊन जात, वाटेत तिखट बोलणारी तोंडं असली तरी. पुढे पावसाळ्यात, रोवणा चालू असताना, गुडघाभर चिखलात उभी राहून सुगरता एकदम पाटलांना म्हणाली, "तो इस्तो मीच नेला होता." साऱ्या बायकांचे हात थांबले. पाटील बांधावर छत्री घेऊन उभे होते. ते म्हणाले, "ठाऊक हाय मले. पऱ्हे आन तिकडून." तिनं रोपांची जुडी आणली आणि रोवणा पुढे सुरू झाला. हे मला पाटलीणबाईंनी सांगितलं.

त्याच सुमारास पाटलांनी खोलीचा निरोपही पाठवला, या परत म्हणून. मी आनंदानं भिंतीपलीकडची खोली झाडून ठेवली. राहेलबाई आल्याच नाहीत. "बुधाजीच्या घरात दुसरं माणूस नाही कुणी," म्हणाल्या. "पाठ धरली तर हाक कुणाला मारेल?" म्हणजे मी दोन वर्षं त्या कुडाच्या भिंतीशेजारी एकटी राहिले, एका भांडकुदळ माणसाच्या पाठीपायी. त्यांचा बेसूर आवाज पहाटे खळ्यापलीकडून येई, अर्धवट ऐकू येई, आणि त्यामुळे जास्तच वैताग होई.

मग माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. नोकरी, संसार, मूल. तीनेक वर्षांनी एकदा भाचीच्या लग्नासाठी गोंदियाला आले होते, तेव्हा एक दिवस काढून त्यांना भेटायला गेले. केस पांढरे झाले होते, बाकी सगळं तेच. करपलेली डाळ वाढली. माझ्या यजमानांचा स्वभाव कसा आहे, हे विचारलं. मी म्हटलं, "चिडके आहेत. पण मनात काही ठेवत नाहीत." त्या खूप हसल्या.

परतीची मोटार दुपारची. आमगावला तिच्यातून उतरून मला पुढची आगगाडी पकडायची होती, आणि ती चुकली असती तर दुसरी संध्याकाळीच. त्या मला पोचवायला सडकेपर्यंत आल्या. मी चढले, जागा मिळाली, ड्रायव्हरनं हॅन्डल मारून मोटार सुरू केली. आणि बघते तर राहेलबाई मोटारीच्या पुढे उभ्या, बॉनेटवर हात ठेवून.

"बाई, हटो ना!" ड्रायव्हर ओरडला.

"थांब रे जरा. ती बघ, येतेय." दूर बांधांवरून एक बाई येत होती. डोक्यावर गाठोडं, लंगडत, अगदी सावकाश. "तिला धावता येत नाही."

"इन लोगों की गाडी छूट जायेगी!"

मोटारीतली माणसं बोंबलायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "काऊन थांबून राहिली ही मोटार?" मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "राहेलबाई, माझी गाडी चुकेल!"

"नाही चुकत गं."

ती बाई एक बांध ओलांडी, थांबे, दम खाई, पुढचा बांध ओलांडी. राहेलबाई बॉनेटवरचा हात काढेनात. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, शिव्या दिल्या, आणि शेवटी इंजिन बंद करून विडी पेटवली. केवढा तरी वेळ गेला. ती बाई सडकेवर आली. मोटारीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मागच्या बाजूनं सडक ओलांडून ती सरळ पलीकडे तळ्याच्या उताराला लागली. गाठोड्यात धुणं होतं.

मग तो म्हातारा खो खो हसायला लागला, मग ड्रायव्हर. राहेलबाईंनी त्या बाईकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "जाऊ दे रे आता!"

माझी गाडी चुकली, हे सांगायला नकोच. संध्याकाळपर्यंत आमगावच्या फलाटावर बसून मी त्यांना मनातल्या मनात काय काय ऐकवलं, तेही सांगत नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही. मोटार हलली तेव्हा मी रागानं हात हलवायचा नाही असं ठरवलं होतं. पण मागच्या काचेतून मान वळवून पाहिलंच. धुरळा उडत होता. राहेलबाई आमच्याकडे बघतही नव्हत्या. त्या घाईघाईनं तळ्याचा उतार उतरत होत्या, आणि त्या बाईला गाठून तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवायला त्यांनी दोन्ही हात वर केले होते.